ओळीतला अभ्यास

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. कुणी विषय काढला, की मी उठून बैलांना पाणी दाखवायला जायचो. घरात अजून अभिमानानं सांगतात, पोरगी मोबाईलनं वाया जात होती, आबाजींनी, म्हणजे मी, वाचवली. ते ऐकलं की माझं डोकं फिरतं. वाचवली म्हणे.

माझी नात नेरच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती. वेचणीला मजूर मिळत नाहीत, म्हणून आम्हीच तिचं कॉलेज बुडवून तिला शेतात न्यायचो. कमरेच्या ओटीत कापूस टाकायची, त्यातच मोबाईल ठेवायची आणि ओळीतून पुढं सरकताना हळू आवाजात बोलायची. थांबायची, कान द्यायची, पुन्हा बोलायची. चार पावलं जवळ जाऊन ऐकावं, एवढी अक्कल मला झाली नाही. बांधावरूनच ठरवलं, कुण्या पोराशी बोलते. दुपारी भाकरी खाताना, वेचणाऱ्या बायांसमोर मुलाला म्हणालो, "तुह्या पोरीचं लगन पाह्य. फोनवर कोनाशी गुलूगुलू करून राह्यली, इचार तिले."

"आबाजी, मी अभ्यास करून राह्यली," ती म्हणाली.

"असा अभ्यास आमालेबी शिकव वं माय," एक बाई म्हणाली. सगळ्या हसल्या. मीही हसलो. त्या हसण्याची आज किळस येते.

मुलानं मोबाईल हिसकावला, कॉलेज बंद केलं आणि उमरखेडकडचं स्थळ पाहून साक्षगंध उरकलं. मोबाईल माझ्याकडं आला, भजनं ऐकायला. भजन शोधताना एक दिवस तिनं रेकॉर्ड करून ठेवलेला तिचाच आवाज लागला. स्वतःच प्रश्न विचारायची, स्वतःच उत्तर द्यायची, मग स्वतःलाच दटावायची, "हे पुन्हा चुकलं. उद्या आधी हेच." शेवटपर्यंत ऐकलं. दुसऱ्या कुणाचा आवाज नव्हता.

लग्न अजून व्हायचं होतं. तरी मी गप्प बसलो. घराची अब्रू, असं मनाला सांगितलं. खोटं. अब्रू फक्त माझी होती. आणि दिवसभर मोबाईलमध्ये तोंड घालून बसलेले आमचे पारावरचे शहाणे कॉलेजच्या पोरांना नावं ठेवतात, तेव्हा मीही मान हलवतो.

गेल्या दिवाळीला ती सासरहून आली. ओसरीवर आम्ही दोघंच होतो. मी नुसता बघत बसलो, तेव्हा तिनं विचारलं, "काही पाह्यजे का, आबाजी?"

मी चहा मागितला. म्हणायचं होतं ते एवढंच, "माय, म्या तुह्यावर खोटा आळ घेतला. खरं समजलं तरी तोंड उघडलं नाही. मले माफ कर."