सासऱ्यांच्या गाडीला क्लच

माझ्या सासऱ्यांची गाडी स्वातंत्र्याच्या आधीची, इंग्रजी बनावटीची होती. मुलुंडच्या आमच्या सोसायटीत इतरांच्या गाड्या निघत. सासऱ्यांच्या गाडीचं प्रस्थान होई. ऐंशीच्या दशकात ते वर्षातून एकदाच नक्की असे, दसऱ्याला. गाडीला झेंडूचा हार, चाकांखाली लिंबं, पुढ्यात नारळ, आणि मग सासऱ्यांनी स्वतः चालवत टेकडीवरच्या देवळाला वळसा घालून यायचं.

एका वर्षी गणपती उठले आणि गाडीचा क्लच गेला. इंजिन ओरडायचं, गाडी जागच्या जागी विचार करत राहायची. सासऱ्यांच्या गाडीबद्दल जावयाने मत देऊ नये एवढं मला कळत होतं. म्हणूनच बहुधा गाडी दोराने ओढून विक्रोळीच्या गॅरेजात नेताना त्यांनी मला बरोबर घेतलं.

तिथला मेकॅनिक मालवणकडचा, पन्नाशीचा, तोंडाने सडेतोड. त्याने क्लच उघडला. प्लेटवरचं लायनिंग झिजून ते धरून ठेवणाऱ्या रिबिटा दिसत होत्या. विलायतेहून नवा मागवला तर येईपर्यंत पुढचा दसरा उजाडेल, असं तो म्हणाला. जुन्या प्लेटला नवं लायनिंग मारता येईल, पण टिकेल किती सांगता येत नाही. त्याचं मत जीपच्या क्लचला होतं. लेथवर थोडं काम केलं की बसतो आणि मरेस्तोवर बघायला नको. कुणाच्या मरेस्तोवर, ते त्याने सांगितलं नाही.

सासऱ्यांनी मूळपणावर भाषण दिलं. जुन्या गाड्यांच्या स्पर्धेत एक स्क्रू परका निघाला तरी परीक्षक मार्क कापतात म्हणे. क्लच आत असतो, तो परीक्षकाला दिसणार कसा, असं मी विचारलं. कुणाला दिसत नाही तिथेच तत्त्व पाळायचं असतं, असं उत्तर मिळालं. गाडीचा हॉर्न स्कूटरचा होता आणि मागचा बंपर टॅक्सीचा. ते मी बोललो नाही.

निदान जीपचा पेडल दाबून तरी बघा, असं मेकॅनिक म्हणाला. बाहेर एक जीप उभी होती. सासरे उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यासारखे तिच्यात चढले. मी शेजारी बसलो. पेडल अर्धा खाली गेला आणि अडला. त्यांनी पँटची इस्त्री सारखी केल्यासारखा हात डाव्या गुडघ्यावर ठेवला आणि वरून जोर दिला. पेडल टेकला. ते समोरच्या भिंतीकडे रस्ता असल्यासारखं बघत राहिले. मग पाय सोडून म्हणाले, "याला फील नाही."

ते जिना चढताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत. घरात आम्ही त्याला निवांतपणा म्हणत असू.

पुढे बरेच दिवस घरात फक्त मूळपणाची चर्चा झाली. सोसायटीच्या चेअरमननी मध्येच सुचवलं की यंदा ड्रायव्हर लावा, तुम्ही मागे मालकासारखे बसा. त्या दिवसापासून सासऱ्यांनी त्यांच्याकडचा चहा बंद केला. शेवटी एका संध्याकाळी गवार मोडता मोडता सासूबाई म्हणाल्या, "अहो, गुडघा दुखतो म्हणून सांगा ना त्या माणसाला. तो काय तुमचे मार्क कापणारे?"

सासऱ्यांनी पेपरचं तेच पान बराच वेळ वाचलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा विक्रोळीला गेलो. ते गाडीच्या बॉनेटकडे बघत म्हणाले, "पेडल हलका हवाय. पाय पूर्वीसारखा राहिला नाही माझा."

"मग आधीच बोलायचं ना, काका," मेकॅनिक म्हणाला. "कशाला एवढं मूळपण मूळपण लावलंत?"

जुन्या प्लेटला लायनिंग मारतो आणि स्प्रिंगा हलक्या घालतो, असं त्याने सांगितलं. पेडल लोण्यासारखा होईल. पण प्लेटची पकड कमी, त्यामुळे गाडी भरून चढावर नेली तर क्लच घसरणार, जळणार. "तुम्ही आणि आणखी एक जण. बस."

सासऱ्यांनी लगेच होकार दिला.

दसऱ्याला पुढची सीट प्रथेने चेअरमनची असे. सफारी आणि गॉगल घालून ते प्रत्येक गॅलरीकडे हात वर करत, जणू सोसायटी त्यांनीच जिंकून घेतली होती. मागे सेक्रेटरी, खजिनदार आणि मावतील तेवढी मुलं. त्या दिवशीही चेअरमन आले. चढावर क्लच घसरतो, एकालाच नेता येईल, असं सासऱ्यांनी जाहीर केलं. चेअरमननी समजूतदारपणे मान हलवली आणि दार उघडलं.

"तुम्ही नाही," सासरे म्हणाले, आणि त्यांनी सासूबाईंना हाक मारली.

इतकी वर्षं गाडीला ओवाळून झालं की सासूबाई पुऱ्या तळायला वर जात. त्या दिवशी निरांजनाचं ताट माझ्या बायकोकडे देऊन त्या गाडीत बसल्या. त्यांनी कुणाकडे हात केला नाही. गाडी चढाला लागली, कार्यकारिणी मागून चालत निघाली. वळणावर जळकट वास आला, गाडी क्षणभर लोंबकळली, मग सरळ वर गेली. आम्ही देवळापाशी पोचलो तेव्हा तिथे गाडी नव्हती.

बायकोने तळलेल्या पुऱ्या गार झाल्यावर दोघं परत आले. ठाण्याच्या तलावापर्यंत जाऊन आलो, सासूबाई म्हणाल्या, आणि सीट फार टोचते. सासरे मात्र इंजिन बंद करून स्टिअरिंगमागेच बसून राहिले. मग, सगळी सोसायटी उभी असताना, दाराबाहेर हात काढून म्हणाले, "गुडघा धरलाय गं. जरा हात दे."

सासूबाईंनी हात दिला. सेक्रेटरींनी नारळाचा प्रसाद वाटायला घेतला. चेअरमन तोपर्यंत सफारी बदलायला घरी गेले होते.