साहेब येणार म्हणून घाट रिकामा

वणीहून पैनगंगेच्या पलीकडे जायला दोन वाटा आहेत. एक पुलावरची. मारेगाव करत पांढरकवड्याला जायचं, हायवेने नदी ओलांडायची आणि मग पलीकडच्या काठाने तेवढंच उलटं यायचं. दुसरी नावेची, मुकुटबनच्या पुढे सावरघाटावरून, फक्त दहा मिनिटांची. आईने नावेची निवडली. कारण विचारलं तर म्हणाली, नदीची हवा चांगली असते. खरं कारण असं की पुलाच्या वाटेवर मारेगावची मावशी राहते आणि सध्या दोघी बहिणींचा अबोला आहे.

निमित्त माझ्या धाकट्या भावाच्या मुलीच्या नामकरणाचं. भावजयीचं माहेर नदीपलीकडे, म्हणजे तेलंगणात, पण बोली आपलीच. कानात नाव सांगायचा मान आत्याचा आणि आत्या मी एकटीच, त्यामुळे मी नसले तर बाळाला नाव नाही. आमच्याकडे मुहूर्त बघत नाहीत, पण वंदना घेणाऱ्या बौद्धाचार्य गुरुजींना दोन वाजता दुसऱ्या गावी लग्न लावायचं होतं. भावाने फोनवर तीनदा बजावलं होतं, "ताई, काही कर पण एकच्या आत ये."

जायचा विचार असेल त्यांच्यासाठी सांगते. सावरघाटावर दोन इंजिनाच्या नावा आहेत. माणशी वीस रुपये, दुचाकीसकट पन्नास. मोटार नावेत चढत नाही, ती अलीकडे ठेवावी लागते. आणि ज्यांनी ज्यांनी हा प्रवास केलाय त्यांचा एकच सल्ला होता: आठच्या आत पोहोचा नाहीतर दुपारनंतर जा. मधल्या वेळात घाटाच्या गल्लीत अशी कोंडी होते की माणूस पलीकडे पोहोचेपर्यंत बारशाचं बाळ रांगायला लागतं.

आम्ही साडेसहाला निघणार होतो. डिंकाचे लाडू कोणत्या डब्यात न्यायचे यावर आईचा निर्णय होईपर्यंत साडेआठ वाजले. चौकात उभ्याउभ्या तर्री-पोहे खाल्ले आणि मुकुटबनची वाट धरली. या रस्त्यावर कोळशाच्या ट्रकांचं राज्य आहे. काचा घट्ट बंद ठेवा. माझी पांढरी गाडी अर्ध्या तासात राखाडी झाली. मुकुटबननंतर मात्र रस्ता लहान आणि मोकळा होतो, दोन्हीकडे फुटलेला कापूस आणि तुरीचे पट्टे. वेचणीला निघालेल्या बायकांची एक टोळी दिसली, तिच्यात ओळखीचं कुणी नाही याची आईने वळून वळून खात्री करून घेतली.

सव्वादहाला सावरघाटात शिरलो. ऐन कोंडीची वेळ, म्हणून मी मनाची तयारी करून गाडी हळू केली. गल्ली रिकामी! एक सायकलसुद्धा नाही. दोन्ही कडांना चुन्याच्या पांढऱ्या रेघा, दारोदारी सडा-रांगोळी, घाटाच्या तोंडाशी छोटा मांडव. एका स्वयंसेवकाने शिट्टी वाजवून आमची गाडी शाळेच्या मैदानात लावायला लावली. मैदान आखलेलं होतं, त्यातही आमची गाडी एकटीच.

"काहून बाप्पा, आज संप हाये का?" आईने विचारलं.

घाटावर नावाडी लक्ष्मणभाऊ दगडावर बसून आपल्या नावेकडे बघत होते. नाव हिरवीगार चकचकीत दिसत होती.

"बसू नका माय," ते म्हणाले. "रंग ओला हाये. लुगड्याले लागन."

"मग दुसरी नाव?"

"थे पलीकडं हाये. बारा वाजतपर्यंत दोन्हीकडं बंद. सरपंचबाईचा हुकूम. साहेब येऊन बसले ना!"

मांडवात साहेब खरोखरच बसले होते. तिशीचे एक इंजिनिअर, पुढे मोठं रजिस्टर, हातात उघडं पेन, शेजारी नारळ आणि न उलगडलेली शाल. सगळी हकीकत लक्ष्मणभाऊंनीच सांगितली. घाटाची गल्ली रुंद करायची, वाहनतळ बांधायचा आणि नदीत उतरायला दुसरा उतार काढायचा, असा प्रस्ताव सरकारी निधीसाठी गेला होता. आता साहेब दहा ते बारा या गर्दीच्या वेळात वाहनं मोजणार आणि तो आकडा प्रस्तावाला जोडणार. तेव्हा साहेबांसमोर गावाची शोभा होऊ नये म्हणून सरपंच कमलताईंनी आदल्या दिवशी भोंग्यावर पुकारा करवला होता: उद्या कोणी गाडी-बंडी घाटावर आणायची नाही, ज्याला जायचं त्याने बारानंतर यावं. पलीकडच्या गावालाही तसाच निरोप धाडला होता. गावाने आयुष्यात पहिल्यांदा सरपंचाचं शंभर टक्के ऐकलं होतं.

मी मांडवात चहा घेत असताना साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि कमलताईंना विचारलं, "ताई, मी लिहू काय?"

"लिहा ना साहेब, जे दिसते ते लिहा," कमलताई हसून म्हणाल्या. पन्नाशीच्या, काठापदराची नवी साडी, चेहऱ्यावर वरमाईसारखा आनंद.

"दिसत काहीच नाही."

"हो ना! किती साफ ठेवलं पाहा."

"खरंच छान ठेवलंय," साहेब मनापासून म्हणाले. "पण मग इथे कोंडी नाहीच. निधी कशासाठी द्यायचा?"

कमलताईंचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यातला जीव गेला. मी चहाचा कप खाली ठेवला. त्या उठून मांडवामागे गेल्या, तशी मीही गेले.

"पाच वर्सांपासून अर्ज करून राह्यली मी," त्या म्हणाल्या. "माझ्या सुनेले दुखायला लागलं तवा आटो याच गल्लीत फसला होता. पुढं कापसाच्या बंड्या, मागं फटफट्या. नात आटोतच झाली माही. लेकरू वाचलं, सून वाचली, पन थे पाऊन तास मी विसरत नाही. आन आज मीच सारं झाडून ठेवलं!"

मग त्यांनी फोन काढला आणि जाम बोलवायला सुरुवात केली. मी शेजारी उभी होते, पलीकडची उत्तरंही ऐकू येत होती. "बारानंतर म्हनलं होतं ना? आंघोळ करून राह्यलो." "बैल सोडले ना बाई चराले." शेवटी तीन फटफटीवाले आले. त्यांनी गाड्या पांढऱ्या रेघेत एकामागे एक लावल्या, साहेबांना नमस्कार केला आणि रस्ता अडू नये म्हणून, साहेबांचं पेन कागदाला टेकायच्या आत, लगेच घेऊन गेले.

लक्ष्मणभाऊ म्हणाले, "रोज बिनबोलावता येते. आज बोलावलं तं येत नाही."

अकरा वाजून चाळीस मिनिटांनी कमलताईंनी माझा हात धरला. "ताई, तुमची तेवढी गाडी घाटावर आना. एक तरी दिसू द्या." मी आणली. गल्लीच्या टोकाला साहेबांची जीप नदीकडे तोंड करून उभी होती, तिच्या मागे लावली. साहेबांनी चष्मा सारखा करून रजिस्टरात लिहिलं. मी वाकून पाहिलं. मोटार : एक.

बारा वाजून दहा मिनिटांनी पलीकडून इंजिनाचा आवाज आला आणि भरलेली नाव काठाला लागली. तिच्यातून फटफट्या, कापसाची गाठोडी, कोंबड्यांची टोपली आणि चाळीसेक माणसं उतरायला लागली. त्याच क्षणी गावातूनही हॉर्न, बैलांच्या घुंगरमाळा आणि ट्रॅक्टर असे सगळे आवाज एकदम आले. सकाळभर दाबून ठेवलेलं सगळं गाव बाराच्या ठोक्याला सुटलं होतं. मला मात्र बारसं दिसत होतं. "आई, चल!" म्हणून मी तिला ओढलं आणि गाडीला कुलूप लावून आम्ही हिरव्या नावेत उडी घेतली. आई जिथे बसली तिथे रंग ओलाच होता.

मधोमध गेल्यावर मागे वळून पाहिलं. गल्ली काठोकाठ भरली होती. जीपच्या मागे माझी गाडी, तिच्या मागे ट्रॅक्टर, बंड्या आणि फटफट्या, दोन्हीकडचे लोक एकमेकांना मागे व्हायला सांगत होते आणि साहेब जीपच्या पायरीवर उभे राहून गावाकडे बघत होते. तेवढ्यात फोन वाजला. सकाळी कमलताईंनी माझा नंबर घेतला होता.

"ताई, गाडीची चाबी?"

पर्समध्ये होती. लक्ष्मणभाऊ म्हणाले, नाव मधून वळवता येणार नाही, पलीकडे पन्नास माणसं उभी आहेत. मी फोनवर ओरडले, "कमलताई, दुसऱ्या फेरीने परत येऊ का?"

फोनमधून मागचे हॉर्न ऐकू येत होते. मग त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "नका येऊ. आरामात नाव ठेवा लेकराचं."

एकला दहा कमी असताना पोहोचलो. त्रिशरण-पंचशील झालं, पाळण्यावर वाकून मी भाचीच्या कानात "सुजाता" म्हटलं आणि तिने एवढ्याशा मुठीत माझं बोट असं धरलं की मला रडूच आलं. गुरुजी वेळेत निघाले. बायका मात्र सगळ्या आईच्या मागे उभ्या राहून हसत होत्या, कारण तिच्या जांभळ्या साडीवर हिरवी फळी उमटली होती.

जेवून परत अलीकडे आलो तेव्हा सव्वातीन झाले होते. गल्ली अजून पूर्ण मोकळी नव्हती. साहेब कमलताईंच्या ओसरीवर होते. त्यांचं जेवण झालेलं दिसत होतं, ज्वारीची भाकर आणि सोले, म्हणजे ओल्या तुरीचे दाणे, घातलेली वांग्याची भाजी, कारण आम्हालाही लगेच तेच वाढलं. मी आधी चावी पुढे केली आणि हात जोडले.

"बाई," साहेब म्हणाले, "तीन तास."

"चूक झाली साहेब."

"नशीब तुमचं की भाजी चांगली होती." मग त्यांनी रजिस्टर उघडलं. "कमलताई, दहा ते बाराची नोंद मी बदलणार नाही. एक म्हणजे एक." कमलताईंनी मान खाली घातली. "पण शेऱ्याला पूर्ण पान आहे." आणि त्यांनी वाचून दाखवलं. गावाला पूर्वसूचना दिल्याने नोंदीच्या वेळी वाहतूक थांबवून ठेवली होती. वाहतूक सुटल्यावर सर्वेक्षण करणारे स्वतः जीपसह अडकले. तापाने फणफणलेलं मूल घेऊन एक बाई रिक्षातून उतरून पायी गेली, हे प्रत्यक्ष पाहिलं. न कळवता पुन्हा मोजणी करावी.

ते मूल ऐकून मी हातातला घास ताटात ठेवला. माझ्याच गाडीमुळे का? कमलताईंनी माझ्या ताटात अजून एक भाकर टाकली. "तुमची गाडी नसती तरी थेच झालं असतं. तुमची काय रोज असते इथं?"

घरी आल्यावर आईने साडी धुवायला दिली नाही. रंग निघेल म्हणाली. मग कुणीही विचारो न विचारो, ती साडी काढून दाखवायची आणि सगळी गोष्ट सांगायची. हळूहळू त्या गोष्टीत चावी विसरणं हा तिचाच बेत होता असं व्हायला लागलं. मावशीलाही ती ऐकवायची होती, म्हणून शेवटी आईनेच मारेगावला फोन लावला. अबोला तिथेच संपला. मला विचाराल तर त्या प्रवासातलं मुठीत धरलेलं बोट राहिलं, आणि गर्दीची वेळ असली की मी गाडी कुठे लावते हे दोनदा बघायची सवय राहिली.

साहेब पुढे दोनदा न सांगता येऊन गेले म्हणे. परवा कमलताईंचा फोन आला. निधी मंजूर झाला, रविवारी भूमिपूजन, पहिली कुदळ नात मारणार. बोलता बोलता त्यांना हुंदका आला, मग मलाही.

"नक्की येते," मी म्हटलं.

"या, माय, दोघीबी या," त्या नाक ओढत म्हणाल्या. "पन गाडी घरी ठेवा. येष्टीनं या."