कानातलं हसू

"'गेलतो' म्हणा ना एकदा." पुण्याच्या ऑफिसात मॅडमनी मला सगळ्यांसमोर उभं केलं. मी आमच्या बीडच्या बोलीत म्हणालो. पोरंपोरी खिदळली. मी पन्नाशीला टेकलेला माणूस. मीही हसलो. मग मॅडम म्हणाल्या, "फील्डवर हीच भाषा वापरा. लोक खुलतात."

कंपनीचं शेळ्यामेंढ्या विकायचं ॲप होतं. ते लोकांना जमतं का, हे बघायला मी बीडकडं मुलाखती घ्यायचो. समोरच्याचं मन ओळखायचं, मान डोलवायची, मधेच गप्प बसायचं, म्हणजे माणूस आणखी बोलतो. आमच्या पारावरची रीत मला ट्रेनिंगमध्ये शिकवली.

बीडजवळच्या पालीला एका मेंढपाळ मावशीच्या दारात बसलो. एक मोबाईल तिच्या हातात, एक स्टँडवर. माझ्या कानात इअरफोन. स्टँडवरच्या मोबाईलमधून पुण्यात मॅडम आणि पाच-सहा जण बघत होते. ते सांगायचं नाही, असा हुकूम होता.

"ह्यो कशाला?" तिनं स्टँडकडं बोट केलं.

"ध्यानात ऱ्हावं म्हणून, मावशी."

खोटं बोललो. ती मोकळी बोलत गेली.

"आता ॲपमधलं हितलं वाचून दावा," मी म्हणालो.

तिनं मोबाईल लांब धरला. जवळ धरला. कमरेची पिशवी चाचपली. "चष्मा कुठं ठिवला की मेला."

मला कळलं. कुणी कागद पुढं केला की माझी आई असाच चष्मा शोधायची. आईला चष्मा कधी नव्हताच.

कानात मॅडम. "थांबू नका. परत विचारा. मस्त क्लिप आहे."

मी परत विचारलं. कळून विचारलं. हे मी आजवर घरीसुद्धा सांगितलेलं नाही.

तिचं बोट काचेवर अक्षरांवरून नुसतं फिरत राहिलं. कानात कुणीतरी म्हणालं, "मेंढीला द्या, ती वाचेल." सगळे हसले. ते हसू माझ्या ओठांवर आलं.

मावशीनं पाहिलं. "कावून हसलास रं?"

मी मोबाईलमधून इअरफोन उपटला. स्टँडवरच्या मोबाईलची स्क्रीन तिच्याकडं फिरवली. "हे समदे मगापासून बघायलेत, मावशी. मी लपवलं."

तिनं एकेक चेहरा न्याहाळला. "हसा की आता. तोंडावर हसा."

मग ती माझ्याकडं वळली.

"आन तू? तू तर आपल्यातला वाटलास. पूस ते शूटिंग."

मॅडमचा आवाज आता सगळ्या अंगणात. "डिलीट करायचं नाही. कंपनीचं आहे ते. केलंत तर उद्यापासून येऊ नका."

"न्हाई येत," मी म्हणालो. मावशीच्या देखत पुसलं.

तिनं चहा विचारला नाही. बरोबर केलं.

पुढं मॅडमचा फोन आला. "भावनेच्या भरात झालं तुमचं. सॉरी म्हणा, परत घेऊ."

"शुद्धीवर होतो, मॅडम. माफी मागायची ती पालीच्या बाईची. तुमची न्हाई."

आजही मुलाखती घेतो, दुसऱ्यांसाठी. कोण बघतंय, कशाला बघतंय, ते आधी सांगतो. समोरच्याची नजर खाली गेली की प्रश्न तिथंच सोडतो. मालक ओरडला तर ओरडू दे. काम गेलं तर जाऊ दे. पोटासाठी माझ्या माणसांना पुन्हा उघडं पाडणार नाही.