चंद्रावतीची चुंबळ

चंद्रावती,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर 'बरी हाय' म्हणून ठेवून देतेस. म्हणून हे लिहिते आहे. चौथीपर्यंत शिकली आहेस, सावकाश वाच, मला घाई नाही. परवा तू पुन्हा गणपती घेऊन बांधावरून जाशील. मीही येणार आहे, पण तिथे बोलता यायचं नाही, कारण मूर्ती डोक्यावर असली की तू कुणाशी बोलत नाहीस. तुझ्याबद्दल चार लोकांना सांगायचं वर्षभर मनात आहे. तेवढं आता सांगून टाकते. तू नुसती ऐक. चुकलं तर नंतर शिव्या दे.

तर ही चंद्रावती. पेणच्या खाडीकाठची, आगरी. उमेदीची सगळी वर्षं मिठागरात मिठाच्या पाट्या वाहण्यात गेलेली. नवरा गेल्यावर मुलगा दिनेश तिला रोह्याजवळ वरसेला आपल्या फ्लॅटवर घेऊन आला. तो कंपनीत शिफ्टला जातो, सून शीतल शिवणकाम करते. गावचं घर बंद झालं. ते उघडायचं फक्त गणपतीत.

मी वरसेचीच. नोकरी एका कंपनीच्या प्रयोगशाळेत झाली. निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी हाडं ठिसूळ झाल्याचं सांगितलं आणि गोळ्यांबरोबर वजनं उचलायला लावली. म्हणून मी जिममध्ये जाऊ लागले. जिम म्हणजे हार्डवेअरच्या दुकानावरचा एक हॉल, भिंतभर आरसे आणि रबराचा वास. दुपारी बायकांची बॅच. खरं तर गप्पांची बॅच. पाहुणे आले, पाऊस आला, कंबर धरली, काहीही निमित्त चालायचं. मीही त्यातलीच होते.

त्या बॅचमध्ये दोन वर्षांपूर्वी गणपती आटोपल्यावर ही बाई आली. लुगडं नेसलेली, पायात काही नाही. कुणाला काही विचारलं नाही. मांडणीवरून लोखंडी प्लेट ओढली, खांद्यावरच्या पंच्याची चुंबळ वळून डोक्यावर ठेवली आणि ट्रेडमिलवरच्या मुलीला म्हणाली, "जरा उचलून दे गो." मुलीने घाबरत दिली. ही हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. मान हलली नाही, प्लेट हलली नाही. आरशात तिच्या मागे आम्ही सगळ्या उभ्या दिसत होतो, तोंडं उघडी ठेवून. जिम चालवणारा प्रणित धावत आला. काकू, हे असं करायचं नसतं, असं तो म्हणत राहिला. तिने विचारलं, मग वजन डोक्यावर घ्यायचं नाही तर कुठे घ्यायचं?

ती का आली होती ते मला हळूहळू कळलं. त्यांच्या घरात गणपती पेणच्या कारखान्यातून आणतात. मूर्ती शाडूची, भरपूर जड. डांबरी रस्ता संपतो तिथपर्यंत टेम्पो, आणि पुढे खाडीच्या बांधावरून चालत. रीत अशी, की रस्ता संपला की घरातल्या कर्त्या माणसाने मूर्ती डोक्यावर घ्यायची आणि थेट घरातल्या चौरंगावर उतरवायची. मध्ये टेकवायची नाही, हात बदलायचा नाही. नवरा गेल्यापासून हे चंद्रावती करते. विधवेने करावं का, असं भावकीत कुणी कुजबुजलं होतं. तिने विचारलं, नवरा गेल्यावरही मी मीठ वाहिलं, ते अळणी झालं का?

पण ती जिममध्ये आली त्या वर्षी बांधावर तिचा गुडघा वाकला. दिनेशने मूर्ती वरच्या वर धरली म्हणून वाचली. मूर्तीला काही झालं नाही, पण पुढची वाट मूर्ती त्याच्या डोक्यावरून गेली. आरतीनंतर तो शांतपणे म्हणाला, पुढच्या वर्षीपासून गणपती वरसेला आणू, गावचं घर काढून टाकू. त्याचंही खोटं नव्हतं. घराच्या भिंतींना खारं पाणी लागत होतं आणि आई पडली असती तर लोकांनी त्यालाच विचारलं असतं. चंद्रावती भांडली नाही. म्हणाली, पुढच्या वर्षी मी वाटेत टेकले किंवा कुणाच्या हातात दिला, तर तुझं खरं. नेला घरापर्यंत, तर घर राहील आणि गणपती तिथेच बसेल. दिनेश कबूल झाला. गुडघे काही परत तरुण होत नाहीत, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. मी तसं तिला तोंडावर सांगितलंही. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी हवामानाबद्दल बोलत होते.

प्रणित हुशार निघाला. त्याने तिला एवढंच सांगितलं, प्लेट जमिनीवर ठेवा आणि स्वतः उचलून उभ्या राहा. तिला जमलं नाही. खाली बसली आणि तिथेच राहिली, मग जमिनीवर हात टेकून हसायला लागली. आम्हीही हसलो. मग तिने कारण सांगितलं. मिठागरात आपला बोजा कोणी आपल्या हाताने उचलत नाही. एकीची पाटी दुसरी उचलून देते. मिठाच्या राशीपाशी पोचलं की तिसरी उतरवून घेते. जन्मभर ही बाई ओझ्याखाली चालली होती, पण ओझं घेऊन खालून वर कधी उठलीच नव्हती. मान पोलादाची आणि मांड्या मात्र रिकाम्या.

मग सुरू झालं उठणं. आधी खुर्चीवरून, हात न लावता. मग पाटावरून. मग नुसतीच खाली बसून वर. मग छातीशी प्लेट धरून. चुंबळ मात्र तिने सोडली नाही. वजन नसतानाही ती डोक्यावर असायची, कारण त्याशिवाय अंग सरळ राहत नाही म्हणे. प्रणितने त्याबाबतीत हात टेकले.

मला आदर वाटला तो तिच्या ताकदीचा नव्हे. ताकद मी खूप पाहिली आहे. तिच्या येण्याचा वाटला. आम्ही बुडवत होतो आणि ती येत होती. शिमग्यात अंगावर रंग घेऊन आली. एकादशीला उपाशी आली. कुंडलिका नदीला पूर आला आणि बाजारात पाणी शिरलं, त्या दिवशी जिम बंद होती, तर ही जिन्यात पायरीवरून उठत-बसत होती. हिवाळ्यात महिनोन्‌महिने तिच्यात काही फरक पडला नाही. तेच वजन, तोच धापा टाकणारा जीव. मी असते तर सोडून दिलं असतं. तिला विचारलं, कंटाळा येत नाही? म्हणाली, "मीठ काय रोज दिसतं काय गो पिकताना? पानी कोंडून ठेवायचा. ऊन आपला काम करतंय." मी पदवी रसायनशास्त्रात घेतली आहे. बाष्पीभवन मला कुणी शिकवायला नको. पण त्या दिवसापासून मी एकही दुपार बुडवली नाही.

पुढचा गणपती आला. मी मुद्दाम तिच्याबरोबर गेले. पेणहून टेम्पो, पुढे रस्ता संपला. आभाळ भरलेलं, बांध शेवाळलेला, दोन्ही बाजूंना खारफुटी. दिनेश आणि शीतलने मूर्ती तिच्या चुंबळीवर ठेवली, वर प्लास्टिक पांघरलं. ती निघाली. पुढे ती, मागे दिनेश, त्याच्या मागे आम्ही.

अर्ध्या वाटेवर बांध नव्हताच. आदल्या उधाणाने तो कापून नेला होता, कमरेएवढी खांड पडली होती. तिच्यात उतरून पलीकडे चढल्याशिवाय वाट नव्हती. दिनेश पुढे गेला, त्याने दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, "आई, दे. कोन काय बोलनार नाय."

त्याच्या आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता. तो घाबरला होता. आईसाठी घाबरला होता, हे मी पाहत होते. तिने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. एक हात मूर्तीला, एक पाय खाली. चिखलात घोट्यापर्यंत गेली. दुसरा पाय खाली. मग समोरच्या मातीला गुडघा लावून ती वाकली, अगदी खाली, इतकी की मला वाटलं आता संपलं. मूर्ती सरळ होती. शीतलने डोळे मिटले. मी मिटले नाहीत.

आणि चंद्रावती उठली. हॉलमध्ये आरशासमोर उठायची तशी, टाचा दाबून, हळूहळू, ओठ आत घेऊन. वरचा पाय थरथरत होता, मांडीतली नस दिसत होती. पलीकडच्या बांधावर उभी राहिली, चुंबळ चाचपली आणि चालू लागली. दिनेशचे हात तसेच पुढे राहिले होते.

चौरंगावर मूर्ती उतरल्यावर दिनेश बाहेर गेला. अंगणातल्या कुदळीला दांडा बसवला आणि भिंतीचा खारावलेला गिलावा पाडायला लागला. नवा करायचा तर जुना पाडावाच लागतो.

आता तुझ्याशी बोलते, चंद्रावती. विसर्जनानंतर तू वरसेला परत आलीच नाहीस. घर उघडं राहिलं पाहिजे म्हणालीस. जिमला काय करशील विचारलं, तर दाराशी मिठाची गोण दाखवलीस. प्रणितने तुझ्या जागेवर कोणाला उभं राहू दिलं नाही बरेच दिवस, हे तुला सांगायचं राहिलं होतं.

आणि ते दुसरं. आमच्याकडचा गणपती माझे यजमान गेल्यावर मी बंद केला होता, दिरांकडे पाठवला. एकटी बाई कुठे उचलणार, असं सगळ्यांना वाटलं आणि मलाही. तू मला जिममध्ये काय काय उचलताना पाहिलं होतंस. म्हणालीस, आषाढात दोघी पेणच्या कारखान्यात जाऊ, मूर्ती घडवायला तू तुझा पाट दे, मी माझा देते. मूर्ती पाटावर बसली की मागे फिरता येत नाही. मी माळ्यावरून पाट काढला, घासून धुतला, फडक्यात गुंडाळला. ठरलेल्या दिवशी मी रोह्याहून गाडीने पेणला उतरायचं आणि तू गावाहून यायचं होतं. सकाळी तुझा फोन आला, उधाण आहे, खांड पुन्हा फुटली, सगळं गाव माती टाकतंय, मीही टाकतेय. पुढच्या आठवड्यात जाऊ. पुढच्या आठवड्यात माझा मुलगा आला. त्याच्या पुढच्या आठवड्यात तुझ्या गिलाव्याचे गवंडी. तुझा पाट शेवटी दिनेशने गावाहून वरसेला परतताना कारखान्यात पोचवला. मी कारखान्यात विचारलं, तर ते म्हणाले, बाई, आता रंगाचे हात चालू आहेत, पाट पुढच्या साली आणा.

माझा पाट अजून फडक्यातच आहे. दाराआड, भिंतीला टेकून उभा.