झोबेलाइन बाईंचे डोळे

गेर्लिंडे झोबेलाइन बाईंशी वाद घालायचा तर पोटभर जेवून यावं, असं आमच्या इस्पितळात नवीन माणसाला आधीच सांगतात. कार्प मासे पाळणाऱ्या घरातली ही बाई, आयुष्यभर एक्स-रे खात्यात डॉक्टर. कँटीनमध्ये तळलेला कार्प शेपटीसकट खातात. समोरचा काटे काढत बसला की म्हणतात, "अहो, ऑपरेशन नका करू, तो मेलाय." मी त्यांच्या हाताखाली स्कॅन काढते, तेव्हा माझ्याकडून तटस्थपणाची अपेक्षा ठेवू नका.

त्या वर्षी नवं सीटी मशीन आलं. जुन्या मशीनमध्ये क्ष-किरणांचा आधी प्रकाश होतो आणि त्या प्रकाशावरून चित्र बनतं. नव्यात किरणांचा कण न् कण वेगळा मोजला जातो. हृदयाच्या रक्तवाहिनीत साचलेलं कॅल्शियम जुन्या चित्रात फुगून दिसतं, वाहिनी बुजल्यासारखी वाटते. नव्यात ते आटोपशीर दिसायला हवं. दिसतं का, हेच ठरवायचं होतं. एकाच रोग्याची दोन्ही मशीनवरची चित्रं घेतली, कुठलं कुठल्या मशीनचं ते झाकलं. बाईंनी आणि खातेप्रमुख प्रोफेसर हासोल्ड यांनी वेगवेगळे बसून त्यांना गुण दिले.

निकाल आला तर बाईंना नवं चांगलं वाटलेलं, साहेबांना जुनं. थोडाथोडका फरक नाही, अगदी दोन टोकं.

सोमवारच्या बैठकीत साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, मोतीबिंदूच्या ऑपरेशनपासून तुमच्या डोळ्यांची मला शंका येते. तुमचे गुण वगळू या. आणि डोळे तपासून होईपर्यंत रिपोर्टही लिहू नका."

माझं डोकंच फिरलं. जिने चित्रं वाचायचीच नाहीत, त्या एक्स-रे डॉक्टरने इस्पितळात यायचं कशाला? बाई मात्र शांतपणे कॉफीचा कप बाजूला सारून म्हणाल्या, "तपासा की. पण दोघांचे. आत्ता, इथेच."

"मी प्रमुख आहे, बाई."

"म्हणून तर पहिली खुर्ची तुम्हाला."

मी मशीनची नावं झाकलेली चित्रं जोडीजोडीने पडद्यावर लावली. बाईंची अट अशी की एकाने बघायचं तेव्हा दुसऱ्याने पाठ फिरवायची, गुण लिहायचे आणि चांगल्या चित्राकडे बोटही दाखवायचं. पहिल्या जोडीत दोघांनी डावीकडचंच चित्र दाखवलं. दुसऱ्या जोडीतही दोघांचं एकमत. खोलीत कुजबुज सुरू झाली. बाईंनी साहेबांचा कागद ओढून घेतला.

"बोट याच्याकडे, आणि याला गुण एक?"

"मग? एक म्हणजे उत्तम! शाळेत गेला नव्हतात का? एकवाला हुशार, सहावाला नापास."

"ही शाळा नाही, साहेब. या तपासणीत आपल्याबरोबर असलेल्या हॉलंडच्या डॉक्टरांनी ही गुणांची पट्टी पाठवली, तेव्हाच कळवलं होतं. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे टाकाऊ."

साहेबांचे कान लाल झाले. आमच्या देशात शाळेपासूनच सगळ्यात चांगल्याला एक हा गुण मिळतो, हात आपोआप तिकडे जातो, हे मला कळतं. पण स्वतः सूचना वाचायची नाही आणि खापर दुसऱ्याच्या डोळ्यांवर फोडायचं?

"माझे आकडे उलटे करून घे," साहेब मला म्हणाले.

"हात लावू नकोस," बाई कडाडल्या. "निकाल कळल्यावर आकडे फिरवायचे नाहीत. साहेब सगळी चित्रं क्रम बदलून पुन्हा बघतील. आणि लठ्ठ रोग्यांमध्ये माझ्या गुणांत नवं मशीन काही विशेष ठरलं नाही, तेही तसंच राहील. मशीन काही आपला जावई नाही लाड करायला."

साहेबांनी मान हलवली आणि ते दाराकडे निघाले.

"साहेब, माझे रिपोर्ट?"

"लिहा की. विषय संपला."

"संपला कसा? माझ्या डोळ्यांबद्दल तुम्ही सगळ्यांदेखत बोललात."

साहेब थबकले. "दोष नाही तुमच्या डोळ्यांत," ते पुटपुटले.

"मागे ऐकू गेलं नाही."

साहेब वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "झोबेलाइन बाईंच्या डोळ्यांत काहीही दोष नाही. चूक माझी."

बाईंनी चष्मा काढला, कुणाकडे न बघता डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "बघतेस काय? पुढचा पेशंट घे आत."