गिरणीच्या भिंतीतली भोकं

नदीकाठच्या त्या बंद गिरणीची वीट न् वीट मला पाठ आहे. गेट कुठे होतं तेवढं सापडेना, ते एका म्हशीच्या मागे मागे जाऊन सापडलं.

शहाडच्या पुढे, उल्हास नदीच्या अगदी कडेला आहे ती. तरुणपणी मी तिथे बदली कामगार होतो. पोरीला सांगून ठेवलेलं, मी कापडाचे साचे चालवायचो. साचे दुसरेच चालवायचे, मी त्यांच्याखालचा कापूस झाडायचो.

पोरगी वागळे इस्टेटला कामाला आहे. तिला एक नवा नाद लागलाय. कोणीतरी कुठेतरी डबी लपवतो, फोनवर जागा टाकतो, आणि बाकीचे शोधत फिरतात. डबीत छोटी वही असते. सापडली की नाव लिहायचं आणि डबी होती तिथेच ठेवायची.

"बक्षीस काय?" मी विचारलं.

"काही नाही. नाव लिहायचं."

"मग घरी बसून लिही की!"

पण गिरणीतली डबी तिला दोनदा जाऊन मिळाली नव्हती. ऑफिसातली पोरं हसायला लागलेली. ती त्यांना सांगून आली, "माझे पप्पा तिथलेच आहेत. या रविवारी मिळालीच समजा." झालं! आता इज्जत तिची आणि परीक्षा माझी. शाळेतल्या परीक्षेला मी कधी बसलोच नव्हतो.

बायको पण आली. म्हणाली, "तुम्ही बापलेक उपाशी फिराल, मी चपाती-अंडी घेते."

आत छप्पर नाही, भिंतींवर पिंपळ, खिडकीतून नदी दिसते. पोरीचा फोन गेटपाशी आणून सोडायचा, पुढे नुसती एक खूण लिहिलेली: 'आत जाताना ठेवा, येताना घ्या.'

"चपला असतील," पोरगी म्हणाली. चपला ठेवायची जागा शोधली. मग छत्री. मग सायकल. मी पुढे पुढे करून तिला बॉयलरची जागा दाखवली, ती संडासाची निघाली.

शेवटी ती दगडावर बसली. "जाऊ दे पप्पा. सांगते उद्या, नाही मिळाली."

तिचं तोंड बघवेना. आणि खरं सांगायचं तर खूण वाचल्या वाचल्या मला कळलेलं. बिडी! कापसाला एक ठिणगी पुरते, म्हणून वॉचमन खिसे तपासायचा. आम्ही आत जाताना बिडी-काडेपेटी कुंपणाच्या भिंतीतल्या भोकात ठेवायचो. ज्याचं त्याचं भोक ठरलेलं.

पण बायको समोर अंडी सोलत बसलेली. लग्नाच्या बैठकीत सासऱ्यांनी विचारलेलं, काही व्यसन? मी म्हणालेलो, सुपारी पण खात नाही. पुढे गिरणी सुटली, बिडी पण सुटली, थाप तेवढी टिकली.

पोरीने फोन पर्समध्ये टाकला. मी उठलो.

"चल. गेटच्या डाव्या भिंतीला भोकं आहेत. आम्ही बिड्या ठेवायचो तिथे."

बायकोकडे बघितलंच नाही. ऐटीत माझ्या भोकात हात घातला. आतून पाल आली. मी असा ओरडलो की पलीकडचे बगळे उडाले. पोरीने तोवर शेजारच्या भोकात हात घातलेला.

"पप्पा! मिळाली! अरे मिळाली!"

ती नाचली, मी पण नाचलो, पायात काटा गेला तरी नाचलो. वहीत तिने नाव लिहिलं आणि पेन मला दिलं. मी एवढं मोठं लिहिलं की पान पुरलं नाही, आडनाव मागच्या बाजूला गेलं. डबी परत भोकात ठेवली.

मग हळूच बायकोजवळ बसलो. म्हटलं, "ते बिडीचं... तुझ्या बाबांना मी तेव्हा..."

तिने अंडं माझ्या हातावर ठेवलं.

"खा गप. बैठकीला आलात तेव्हा वासाने आमची शेळी उठून गेलेली. बाबा म्हणाले, खोटं पण धड बोलता येत नाही, पोरगा गरीब दिसतो, देऊन टाकू."