कुरकुरत्या पिकअपमधून निमोणे ते यवत

"मी एसटीनं येतो. त्या गाडीत बसून नानाच्या दारात जायचं न्हाई मला."

आबांनी हे जाहीर केलं तेव्हा मी पिकअपमध्ये झेंडूच्या कुंड्या चढवत होते. आबा म्हणजे माझे सासरे. उभा जन्म एसटी चालवून निवृत्त झालेले, आणि अजूनही माझ्या शेजारी बसले की प्रत्येक गतिरोधकाला उजव्या पायानं नसलेला ब्रेक दाबणारे. नाना म्हणजे त्यांचे व्याही, माझ्या नणंदेचे सासरे. नणंद सुरेखाताई यवतजवळच्या मळ्यात राहतात. त्यांच्या लेकीचा साखरपुडा दुसऱ्या दिवशी होता. सासूबाई आठवडाभर आधीच मदतीला गेल्या होत्या, नवरा कंपनीतून परस्पर मोटारसायकलवर येणार होता. उरलो आबा, मी, चाळीसेक कुंड्या आणि आमची पिकअप.

पिकअप जुनी, माझ्या रोपवाटिकेसाठी घेतलेली. इंजिन ठणठणीत. पण खड्डा आला की कुठूनतरी "कुईंऽऽ कुईंऽऽ" असा आवाज काढायची, आणि आमच्याकडच्या रस्त्यांवर खड्डा आला नाही असं होत नाही. दिवाळीत आम्ही गेलो तेव्हा नाना फाटकात उभे राहून, दहा पाहुण्यांसमोर म्हणाले होते, "आबा, गाडी घिऊन आलाव का व्यायला आलेली म्हस?" सगळे हसले. आबाही हसले. पण त्या दिवशी घरी परत येईपर्यंत ते एक शब्द बोलले नव्हते.

"आबा, एसटीनं गेलात तर कुंड्या कोण धरणार?" मी विचारलं.

"आन् वाजली तर?"

"आवाज घालवूनच जाऊ. आत्ता सकाळीच निघू, वाटेत दुरुस्त करू. संध्याकाळपर्यंत पोचलो म्हणजे झालं."

आबांनी टोपी सारखी केली. "ठीक हाय. पर ध्यानात ठिव, चौफुल्याला जर आवाज आला तर मी तिथनं उलटी एसटी धरनार. नातीला सांग, आबाला ताप हाय."

आता नातीचा साखरपुडा आजोबांशिवाय झाला असता तर सुरेखाताईंनी मला जन्मभर ऐकवलं असतं. त्यामुळे तुम्हाला ही सहल वाटत असली तरी माझ्यासाठी ती मोहीम होती.

निमोण्याहून न्हावऱ्यापर्यंतचा रस्ता छोटा, पण ऊसतोडीच्या दिवसांत कसोटी बघणारा. उसाच्या ट्रॉल्या दोन-दोन जोडून डुलत चाललेल्या असतात. ओव्हरटेक करताना हॉर्न वाजवून उपयोग नाही, ट्रॅक्टरवाल्याची गाणी आपल्या हॉर्नपेक्षा मोठी असतात. आम्हाला हॉर्नची गरज नव्हतीच. आमची कुईंऽऽ ऐकून एक ट्रॅक्टरवाला स्वतःहून बाजूला झाला आणि त्यानं मागं वळून आपलीच चाकं तपासली.

वाटेतच वाद पेटला. "डावा म्होरचा शॉकअप," आबा म्हणाले. "मी डोळं झाकून सांगतो."

"आबा, आवाज मागून येतोय. मागच्या उजव्या स्प्रिंगचा पाटा."

"तू रोपं लाव. गाडीचं मला सांगू नको."

"लावा पैज."

पैज काय, तर हरणाऱ्यानं साखरपुड्यात सगळ्यांसमोर उखाणा घ्यायचा. आबांनी आयुष्यात सासूबाईंना नावानं हाक मारलेली मी ऐकलेली नाही. "अगं" आणि "ऐकलं का" एवढ्यावर त्यांचा संसार झालेला. तरी जोशात ते हो म्हणून बसले.

न्हावऱ्याच्या चौकात चहा घेतला (चहा छान, भजी त्याहून छान, पण मिरची जपून). तिथल्या एका उत्साही माणसानं आमची तक्रार ऐकली आणि न विचारताच डबाभर जळकं ऑइल आणून चारी बाजूंना ओतलं. आवाज एकदम बंद! आबांनी त्याला भजी खिलवली. आणि गाव मागं पडून रस्त्याचा फुफाटा लागला, तसा आवाज परत सुरू झाला, आता जरा घोगऱ्या सुरात. वाचकांनो, कुणी असं ऑइल घेऊन धावत आलं तर त्याला भजी द्या, पण ऑइल घेऊ नका. त्यावर धूळ चिकटते, आणि रबराचे भाग फुगून खराब होतात ते वेगळंच.

तिथून सरळ दक्षिणेला पारगावकडे निघालो असतो तर दुपारच्या जेवणाला यवतला पोचलो असतो. पण आबांचा एक ओळखीचा मिस्त्री तळेगाव ढमढेऱ्यात होता. म्हणून उलटा वळसा घातला. दोन्ही बाजूंना ऊस, मध्ये कांद्याची शेतं आणि गाडीत आबांचं पुटपुटणं: "डावा म्होरचा. डावाच."

तळेगावला बाजाराचा दिवस होता. भाजीच्या पाट्या, कोंबड्यांच्या डालग्या, जीपांची गर्दी, त्यातून गाडी काढत मिस्त्रीच्या शेडपर्यंत पोचलो. मिस्त्रीचं नाव शिवा. माणूस मनमोकळा, पण एक कान कायम फोनला. कुठल्यातरी मेव्हण्याशी जमिनीच्या वाटणीवरून त्याचं जोरात चाललं होतं. फोनवर बोलत बोलतच त्यानं खुणेनं कुंड्या उतरवायला सांगितल्या, गाडीचा मागचा भाग दाबून पाहिला, हलवून पाहिला. गाडी गप्प. अगदी शहाण्या मुलीसारखी.

"वजन असल्यावरच वाजते," मी म्हणाले.

"मग वजन चढवा की," शिवा फोनवर हात ठेवून म्हणाला.

कुंड्या परत चढवायचा मला कंटाळा आला होता. मी बाजारातून परतणाऱ्या दोघातिघांना विनंती केली, जरा हौद्यात चढता का, गाडी तपासायचीय. दोघं चढले. त्यांना पाहून आणखी चार चढले. मग पिशव्या घेतलेल्या दोन बाया चढल्या. आबांच्या अंगात जुना स्टँड संचारला. "फुडं सरका, फुडं सरका! दारात गर्दी करू नका!" हौदा भरला. एका मावशींनी कोथिंबिरीची जुडी मांडीवर ठेवून मला विचारलं, "शिक्रापूरला कवा सुटनार?"

"मावशी, ही गाडी कुठंच जाणार नाही. तुम्ही फक्त वरखाली हला."

"आन् पैसं?"

"पैसे नाहीत."

"मग बसू की," मावशी म्हणाल्या आणि ऐसपैस बसल्या.

मी पोतं अंथरून गाडीखाली शिरले. आबा बाहेरून हुकूम सोडत होते, "एक, दोन, हला!" आणि दहाबारा माणसं एका तालात वरखाली. आवाज आला! अस्सल, कुईंऽऽ! मी एकेका सांध्यावर तळहात ठेवत गेले. जिथून आवाज येतो तिथं हाताला बारीक थरथर जाणवते. मागचा उजवा पाटा? काहीच नाही. माझं तोंड पडलं. आबांनी वाकून पाहिलं आणि मिशीत हसले. मी सरपटत पुढं गेले, त्यांचा लाडका डावा शॉकअप धरला. तोही थंड! आता मी हसले.

मग मागच्या डाव्या बाजूला हात गेला आणि बोटांना मुंग्या आल्यासारखं झालं. पाट्याचं मागचं टोक चॅसीला एका कडीत लोंबकळतं, तिला शॅकल म्हणतात. मी बाटलीतलं पाणी त्या कडीवर ओतलं. "हला!" सगळे हलले. शांतता. पाणी निथळून गेलं, पुन्हा हलले. कुईंऽऽ!

शिवानं पहिल्यांदाच फोन खिशात ठेवला. कडी खोलली तर आतली रबरी बुश झिजून चिंधी झालेली, लोखंड लोखंडाला घासत होतं.

"डावी बाजू! म्या म्हनलं हुतं!" आबा ओरडले.

"मागची बाजू! मी म्हटलं होतं!"

शिवानं आम्हा दोघांकडं पाहिलं. पैज काय ती विचारून घेतली आणि निकाल दिला, "आबा म्होरचा म्हनलं, ते चुकलं. वहिनी उजवा म्हनल्या, ते बी चुकलं. दोघांनी बी उखाना घ्या." हौद्यातून टाळ्या पडल्या. मावशी सर्वांत जोरात.

एकच बुश खराब होती, पण बदलताना दोन्ही बाजूंच्या बदलून घ्या, हे माझं सांगणं. आणि बोल्ट शेवटचे आवळताना गाडी जॅकवर टांगलेली नको, चाकांवर उभी आणि वजन घेतलेली हवी, नाहीतर नवी बुश पिळवटून लवकर फाटते. त्यामुळे शिवानं पुन्हा सगळ्यांना हौद्यात बसवलं. मजुरी आणि सामान मिळून एका साध्या जेवणावळीइतकाच खर्च आला. कुंड्या परत चढवल्या आणि मावशींना मी वाटेवरच्या जीपमध्ये बसवून दिलं. त्यांनी कोथिंबिरीची जुडी मला दिली, "लई मजा आली बया," म्हणून.

तळेगावहून न्हावऱ्यापर्यंत गाडी मखमलीवरून चालल्यासारखी आली. आबा खिडकीत कोपर टाकून राजासारखे बसले होते. पारगावच्या पुलावर भीमेचं पाणी उन्हात चमकत होतं, खाली म्हशी डुंबत होत्या. आणि पूल उतरल्यावर पहिल्याच गतिरोधकाला... करर्र.

आबांचा चेहरा उतरला. पुढच्या गतिरोधकाला पुन्हा. करर्र. "गाडी वळव," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. "मी न्हाई येत. पोरीला सांग, ताप आला."

मी केडगावच्या अलीकडं एका गुऱ्हाळाशी गाडी थांबवली. कढईतल्या रसाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. पानावर कोमट गूळ घेतला आणि विचार करत आबांना खाली उतरताना पाहिलं. करर्र. गाडी जागची हललेली नव्हती!

त्यांच्या पायात नव्या कोऱ्या वहाणा होत्या. साखरपुड्यासाठी खास घेतलेल्या, कातडी, जाड तळाच्या, आणि पुलापाशी जुन्या काढून पायात चढवलेल्या. प्रत्येक गतिरोधकाला आबा नसलेला ब्रेक दाबत होते आणि वहाण बोलत होती.

खरं सांगायला तोंड उघडलं होतं मी. पण एसटीच्या ड्रायव्हरला कसं सांगणार की तुम्ही माझ्या गाडीत ब्रेक मारता म्हणून आवाज येतो? मी गंभीर चेहरा केला. "आबा, मला वाटतं वजन एका बाजूला पडतंय. तुम्ही सीटवर मांडी घालून बसा. वजन मध्यावर येईल."

आबांनी गूळ चघळत विचार केला. "असंल. बुश नवी बसली की असं हुतं कधीकधी."

ते मांडी घालून बसले. पुढचा गतिरोधक, शांतता. त्याच्या पुढचा, शांतता. केडगाव गेलं, चौफुला आला, उजवीकडं वळून हायवेला लागलो, गाडीचं हूं की चूं नाही. "वजनाचाच खेळ असतो सगळा," आबा म्हणाले. (आबा ब्लॉग वाचत नाहीत. तुमच्यापैकी कुणी निमोण्याचं असेल तर कृपा करून गप्प राहा.)

यवतच्या अलीकडं मळ्याच्या वाटेला लागलो. ऊन कललं होतं. गाडी इतकी मुकाट चालली होती की फाटकापाशी पोचलो तरी घरातून कुणी बाहेर आलं नाही. फाटकाशी मात्र एक माणूस आमच्याकडं पाठ करून उकिडवा बसला होता. नाना! हातात खोबरेल तेलाची बाटली. ते नव्या लोखंडी फाटकाच्या बिजागरीत तेल सोडायचे, फाटक हलवून बघायचे, आणि फाटक केकाटायचं. आमच्या पिकअपनं कधी काढला नसेल असा आवाज.

आबा खाली उतरून त्यांच्या मागं जाऊन उभे राहिले. "नाना, म्हस व्यायला आली का?"

नाना दचकून उठले. तेल धोतरावर सांडलं. "आबा? कवा आलाव? आवाज कसा न्हाई आला?"

"आवाज तुमच्या फाटकाचा यीत हुता. त्याच्यात आमचा कुठला ऐकू येनार."

नाना आधी हसले. "सकाळपासनं घासतोय बगा. म्हनलं, आबा यायच्या आत गप करावं, न्हाईतर ते सोडायचं न्हाईत." पुढचा तासभर दोन्ही व्याही त्या बिजागरीवर वाकलेले होते. सुरेखाताईंनी दोनदा चहा आणला, दोनदा थंड झाला.

साखरपुडा झकास झाला. झेंडू फुललेला, मुलगी गोड, मुलाकडची माणसं बोलकी. जेवणं उठल्यावर मी पैजेची आठवण करून दिली. आबांनी टाळाटाळ केली, पाणी प्यायले, टोपी काढली, घातली. मग उभे राहून, भिंतीकडं बघत, एका दमात म्हणाले,

"गाडीची कुरकुर गेली, बुश घातली नवी,
कुसुमची कुरकुर मातर जन्मभर हवी."

मांडव डोक्यावर घेतला सगळ्यांनी. सासूबाईंनी पदरात तोंड लपवलं, आणि आतूनच म्हणाल्या, "घरी चला, दावते." पण दिवसभर त्या कुणाशीही बोलताना हसत होत्या. माझा उखाणा मोबाइलवरून घेतलेला निघाला आणि तो मुलाकडच्या एका काकूंनी माझ्याआधीच पूर्ण केला. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी परत निघालो, पुन्हा मी आणि आबाच. गाडी रिकामी, रस्ता तोच, आणि आवाज नसल्यामुळे आबांना बोलायला मोकळं रान. एरवी गाडीच्या कुईंकुईंत आम्ही दोघंही गप्प बसायचो. आता चौफुल्यापासून सुरू झाले ते थांबेनात. नोकरीच्या पहिल्या वर्षी कंडक्टरला स्टँडवरच विसरून गाडी कशी पुढं नेली, तो रिक्षानं पाठलाग करत कसा आला, सगळं. पारगावचा पूल ओलांडताना एकदम म्हणाले, "गियर निगुतीनं टाकतीस तू. कुनी शिकवलं?"

"ह्यांनी."

"आन् त्याला कुनी शिकवलं?" एवढं विचारून ते खिडकीबाहेर बघू लागले. माझं कौतुक त्यांनी असं फिरवून स्वतःच्या खिशात टाकलं. पण तेवढंही सात-आठ वर्षांत पहिल्यांदाच होतं, आणि ते मला निमोण्यापर्यंत पुरलं.

ह्या प्रवासात बघण्यासारखं म्हणाल तर फार काही नाही. एक पूल, एक गुऱ्हाळ, ऊस आणि ऊस. पण बिघडलेली गाडी आणि रुसलेलं माणूस एकत्र घेऊन निघालात तर वाटेत बरंच काही भेटतं, एवढं मी सांगू शकते.

परवा सकाळी मी रोपांना पाणी घालत होते. आबा आले. टोपी, धुवट सदरा, हातात गाडीची किल्ली.

"गाडी वाजतीय कायतरी."

मी आदल्याच दिवशी शिरूरला जाऊन आले होते. पानाची सळसळ व्हावी तेवढाही आवाज नव्हता. तसं मी सांगितलं.

"तुला न्हाई येत ऐकू. मला येतंय," आबा म्हणाले. "हितल्या हितं न्हाई कळायचं. लांबच्या रस्त्यावर घ्यायला लागंल."